बुधावरचा दिवस आणि माझी लाल फुली

मुलांनो, तुमचं उत्तर बरोबर असूनही त्यावर लाल फुली बसली, असं कधी झालंय का? झालं असेल तर ही हकिगत तुमच्यासाठी आहे. तुमच्या आईबाबांनीही वाचायला हरकत नाही, कारण हिच्यातली चूक त्यांच्याच वयाच्या माणसाची आहे. म्हणजे माझी.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीचा वर्ग माझ्याकडे. दर महिन्याला एका शनिवारी सकाळच्या शाळेत मी सामान्यज्ञानाची वीस गुणांची चाचणी घेते. पहिल्या नंबराला छोटंसं बक्षीस असतं, तेही माझ्याच पर्समधून. त्या महिन्याचं बक्षीस होतं एक भिंग, काळ्या मुठीचं. आधीच्या शुक्रवारी मी ते वर्गात फिरवलं होतं, तेव्हा प्रत्येकाने त्यातून स्वतःच्या तळहातावरच्या रेषा पाहून घेतल्या होत्या. त्यामुळे चुरस जोरात होती.

चाचणीतला सतरावा प्रश्न असा : बुध ग्रहाचा एक दिवस पृथ्वीवरच्या किती दिवसांएवढा असतो?

उत्तर माझ्या वहीत तयार होतं. डी.एड. करताना मी ग्रहांचा एक तक्ता उतरवून घेतला होता. त्यात बुधापुढे 'दिवस' या रकान्यात ५९ आणि 'वर्ष' या रकान्यात ८८ असे आकडे होते. वर्गातही मी तेच सांगितलं होतं. बहुतेकांनी ५९ लिहिलं. एका मुलीने मात्र लिहिलं १७६.

तिचं नाव सांगत नाही. सांगू नका म्हणून तिने मला बजावलंय. मी १७६ वर फुली मारली आणि पुढे गेले. तिचे बाकीचे एकोणीसही प्रश्न बरोबर होते. वर्गातल्या एका मुलाला वीसपैकी वीस पडले आणि सोमवारी परिपाठात भिंग त्याला मिळालं.

मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाजवळ आली. हातात वाचनकोपऱ्यातलं एक जुनं, कव्हर गेलेलं पुस्तक.

"बाई, यात एकशे शहात्तर दिलंय."

मी डबा उघडत होते. पुस्तकाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, "अगं, छापताना चुकलं असेल."

ती काही बोलली नाही. पुस्तक मिटलं आणि गेली.

मंगळवारी मी वर्गात प्रश्न विचारले. एरवी पहिला हात तिचा वर जातो, अगदी बाकावरून अर्धी उठूनच. त्या दिवशी तिचा हात खालीच होता. दुसऱ्या प्रश्नालाही आणि तिसऱ्यालाही. रुसलेली नव्हती, बरं का. वहीत सगळं नीट उतरवून घेत होती. पण विचारायचं आणि सांगायचं तिने बंद केलं होतं. शिक्षकाला याहून मोठी शिक्षा नसते. तुमच्या बाईंना किंवा सरांना विचारून पाहा हवं तर.

शाळा सुटल्यावर मी ते पुस्तक घरी घेऊन गेले.

पुस्तकात लिहिलं होतं, की बुधावर एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत पृथ्वीवरचे १७६ दिवस जातात. माझ्या तक्त्यात होतं, की बुध स्वतःभोवती एक गिरकी ५९ दिवसांत घेतो. आता तुम्ही म्हणाल, दोन्ही एकच की! ग्रहाची एक गिरकी म्हणजेच एक दिवस, हे तर आपण तिसरीपासून घोकतो. मीसुद्धा तेच म्हणाले. मग त्यातलं एक चूक असणार. पण कोणतं?

रात्री जेवणं झाल्यावर मी ओट्यावरून एक लिंबू घेतलं, त्यात एक लवंग खोचली आणि स्टीलचा पेला टेबलाच्या मधोमध उपडा ठेवला. पेला म्हणजे सूर्य, लिंबू म्हणजे बुध आणि लवंग म्हणजे बुधावर उभा असलेला माणूस. मी लिंबू अशा जागी ठेवलं, की लवंगेसमोर पेला आणि पेल्याच्या पलीकडे, त्याच रेषेत, स्वयंपाकघराची खिडकी. लवंगेच्या डोक्यावर सूर्य, म्हणजे तिथे भर दुपार.

आता बुधाला सूर्याभोवती फेरी मारायला ८८ दिवस लागतात आणि स्वतःभोवती गिरकी घ्यायला ५९. म्हणजे फेरीचा दोन तृतीयांश भाग होतो तेव्हा एक गिरकी पुरी होते. मी लिंबू हळूहळू फिरवत पेल्याभोवती न्यायला लागले. दोन तृतीयांश वाटेवर थांबले. लवंगेचं तोंड पुन्हा खिडकीकडे झालं होतं. गिरकी पूर्ण! पण पेला? लिंबाची जागा बदलली होती, त्यामुळे पेला आता लवंगेसमोर नव्हता, तिच्या पाठीकडे होता. आपल्या घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर लवंगेपाशी रात्रीचे आठ वाजले होते. गिरकी झाली, पण दिवस संपला नव्हता.

मी पुढे निघाले. एक फेरी पूर्ण झाली, म्हणजे बुधाचं एक वर्ष संपलं. लिंबू मूळ जागी आलं, पण या वेळात त्याच्या दीड गिरक्या झाल्या होत्या. त्यामुळे लवंगेची पाठ पेल्याकडे. मध्यरात्र! दुसरी फेरी मारली. गिरक्या झाल्या तीन, आणि आता कुठे लवंगेसमोर पेला आला, पेल्यापलीकडे खिडकी. पुन्हा भर दुपार. दुपारपासून दुपारपर्यंत दोन फेऱ्या. अठ्ठ्याऐंशी दुणे एकशे शहात्तर.

पुस्तकात छापताना काहीही चुकलं नव्हतं. माझ्या तक्त्यातही काही चुकलं नव्हतं. चुकला होता माझा प्रश्न. 'दिवस' म्हणताना मला कुठला दिवस म्हणायचा होता, हे मीच कधी ठरवलं नव्हतं. गिरकीचा दिवस मोजायचा तर दूरच्या ताऱ्यांवर, म्हणजे माझ्या खिडकीवर, नजर ठेवावी लागते. त्याला नाक्षत्र दिवस म्हणतात. सूर्याचा दिवस मोजायचा तर पेल्यावर नजर ठेवावी लागते. तो सौर दिवस.

दुसऱ्या दिवशी वार बुधवार होता. हे मी जमवून आणलेलं नाही, खरंच बुधवार होता. परिपाठानंतर मी सगळ्यांना मैदानातल्या कडुनिंबाखाली नेलं. म्हटलं, "कडुनिंब म्हणजे सूर्य. शाळेची इमारत, पाण्याची टाकी आणि फाटक हे तारे. बुध कोण होणार?" कोणी काही बोलायच्या आत मीच तिच्याकडे पाहून म्हणाले, "तू हो. सोमवारी मी तुझं म्हणणं न ऐकताच चूक ठरवलं. आज आपण ते तपासून बघू."

ती झाडाकडे तोंड करून उभी राहिली. मग हळूहळू वळत, झाडाभोवती चालत निघाली. एका फेरीत दीड गिरकी घेणं सोपं नाही हं! दोनदा तिचा हिशेब चुकला, सगळे हसले, ती पुन्हा पहिल्यापासून निघाली. तिसऱ्या खेपेला फेरी पूर्ण करून थांबली आणि तिथूनच ओरडली, "बाई, झाड मागे गेलं!" दुसऱ्या फेरीनंतर झाड पुढे आलं. गिरक्या मोजायला नेमलेल्या मुलांनी सांगितलं, तीन.

मग मी माझी चूक वर्गाला नीट सांगितली आणि म्हटलं, सतराव्या प्रश्नाचा एक गुण हिला मिळायला हवा. भिंग मिळालेल्या मुलाचा चेहरा एकदम पडला. "पण बाई, माझंपण बरोबर होतं ना?" तो म्हणाला. खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. उत्तर तिनेच दिलं. "बाई, तुम्ही कुठला दिवस ते विचारलंच नव्हतं. मग दोघांचंही बरोबर धरा."

तर आता दोघांना वीस गुण. भिंग एक आठवडा त्याच्याकडे, एक आठवडा तिच्याकडे. "पृथ्वीवरचा आठवडा," असं दोघांनीही मला आठवणीने सांगितलं.

पण मुलांचं समाधान एवढ्यावर थोडंच होतं! एकाने विचारलं, "बाई, मग आपल्या पृथ्वीवरपण दोन दिवस असतील?" असतात तर! पृथ्वीची एक गिरकी २४ तासांत होत नाही. ती होते २३ तास ५६ मिनिटांत. तेवढ्या वेळात पृथ्वी सूर्याभोवती थोडी पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा समोर यायला तिला आणखी जवळजवळ चार मिनिटं वळावं लागतं. तेव्हा कुठे आपले २४ तास भरतात. हे तुम्ही गच्चीवरून पाहू शकता. हिवाळ्यात मृग नक्षत्रातले ओळीतले तीन तारे समोरच्या घराच्या छपरावर किती वाजता दिसतात ते लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच छपरावर पाहा. ते एक तास आधीच हजर असतील. रोजची चार मिनिटं, पंधरा दिवसांत साठ.

आणि यातून एक गंमत निघते. वर्षात आपण ३६५ वेळा सूर्योदय पाहतो, पण पृथ्वी स्वतःभोवती ३६६ गिरक्या घेते. ती एक गिरकी गेली कुठे? वर्गात यावर बराच गोंधळ झाला. शेवटी मी एका मुलाला सांगितलं, झाडाकडेच तोंड ठेवून झाडाभोवती एक फेरी मार. तो खेकड्यासारखा बाजूबाजूने चालत गेला. सगळे म्हणाले, याने गिरकी घेतलीच नाही. पण त्याला विचारलं तर म्हणाला, "मला झाडामागे आधी शाळा दिसली, मग टाकी, मग फाटक, मग परत शाळा." म्हणजे चारी दिशांना त्याचं तोंड फिरून आलं. गिरकी झालीच की! फक्त झाड त्याच्या समोरून हललं नाही. गिरकी एक, सूर्योदय शून्य. (चंद्र पृथ्वीभोवती असाच फिरतो, म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते.) नुसती फेरी मारण्यातच एक गिरकी खर्च होते, म्हणून गिरक्यांतून फेऱ्या वजा करायच्या. पृथ्वीच्या ३६६ वजा १. बुधाच्या ३ वजा २. हे वजाबाकीचं गणित फळ्यावर मी मांडलं नाही, तिनेच मांडलं. हात पुन्हा वर आला होता.

बुधाच्या बाबतीत चुकणारी मी एकटीच नाही, हे कळल्यावर मला थोडा धीर आला. इटलीचे स्कियापारेल्ली हे मोठे खगोलशास्त्रज्ञ. बुध सूर्याच्या इतका जवळ, की पहाटे किंवा संध्याकाळी थोडाच वेळ दिसणार. दुर्बिणीतून त्यावरचे अंधूक डाग पाहून १८८९ साली त्यांनी सांगितलं, की बुध सूर्याकडे कायम एकच बाजू ठेवतो, म्हणजे त्याची गिरकीसुद्धा ८८ दिवसांची. त्या खेकड्यासारख्या चालणाऱ्या मुलासारखीच! पुढे पाऊणशे वर्षं पुस्तकांत हेच छापलं जात होतं. १९६५ मध्ये पेटेंगिल आणि डाइस या दोघांनी पोर्टो रिको बेटावरच्या अरेसिबो इथल्या ३०५ मीटर रुंदीच्या प्रचंड तबकडीतून बुधाकडे रडारच्या लहरी सोडल्या आणि त्यांचा प्रतिध्वनी पकडला. ग्रह फिरत असला, की त्याची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी आणि लांब जाणारीची उतरती ऐकू येते, तसाच फरक त्या लहरींमध्ये पडतो. त्यावरून गिरकीचा वेग निघाला आणि ८८ चे झाले ५९.

त्या आठवड्यात घरोघरी बहुतेक ग्रहांवरच चर्चा चालू असावी. एकाची आजी म्हणाली म्हणे, "बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, तो गुरू सिंह राशीत आला की." आजींचं बरोबर आहे. आमच्या नाशिक-त्र्यंबकेश्वरला २००३ मध्ये सिंहस्थ झाला, मग २०१५ मध्ये. गुरूचं वर्ष आपल्या बारा वर्षांना पन्नासेक दिवस कमी असं आहे, म्हणून तो एकेका राशीत साधारण वर्षभर दिसतो. पण वर्ष एवढं लांबलचक असूनही त्याचा दिवस दहा तासांचासुद्धा नाही! गुरूच्या एका वर्षात त्याचे दहा हजारांहून जास्त दिवस मावतात. तिथल्या कॅलेंडरची पानं किती होतील, विचार करा. गुरूच्या गिरक्या इतक्या, की त्यातून एक वजा केली काय, नाही केली काय! म्हणून तिथे दोन्ही दिवस जवळजवळ सारखेच.

शनीला एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशी, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं आणि तीन राशींत साडेसात. साडेसाती हा शब्द त्यातूनच आला. शनी कुणाला त्रास देतो यावर माझा काडीचाही विश्वास नाही, पण त्याची चाल जुन्या लोकांनी नुसत्या डोळ्यांनी किती बारकाईने मोजली होती! गिरकी मोजणं मात्र फार अवघड गेलं, कारण शनीला घट्ट पृष्ठभागच नाही, खूण धरायची कशावर? शेवटी कॅसिनी यानाने पाहिलेल्या शनीच्या कड्यांमधल्या लाटांवरून २०१९ मध्ये ती निघाली : १० तास ३३ मिनिटं ३८ सेकंद. युरेनस आडवा पडून लोळत चालतो, त्यामुळे त्याच्या ध्रुवावर सुमारे बेचाळीस वर्षं उजेड आणि बेचाळीस वर्षं अंधार. नेपच्यूनचा शोध लागला १८४६ मध्ये, आणि तेव्हापासूनची त्याची पहिली फेरी पुरी झाली २०११ मध्ये.

मुलांना सर्वांत आवडला तो मंगळ. त्याचा सौर दिवस आपल्यापेक्षा फक्त चाळीसेक मिनिटांनी मोठा, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंद. जानेवारी २००४ मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या दोन गाड्या मंगळावर उतरल्या. त्या चालवणारे कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ काही महिने मंगळाच्या घड्याळाने जगत होते. आज सकाळी नऊला कामावर गेले तर उद्या नऊ चाळीसला, परवा दहा वीसला, असं करत करत मध्यरात्री! तिथल्या एका घड्याळजीने त्यांना मुद्दाम मागे पडणारी मनगटी घड्याळं करून दिली होती. "बाई, आपणपण मंगळाच्या टायमाने शाळा भरवू," अशी सूचना लगेच आली. ती मी नामंजूर केली.

वयाचे हिशेब तर विचारूच नका. दहा वर्षांच्या मुलाने बुधावर एकेचाळीस वाढदिवस केले असते, मंगळावर पाच आणि गुरूवर एकही नाही. मी छत्तीस वर्षांची आहे. बुधावर मला एकशे एकोणपन्नास पूर्ण झाली असती, असं वर्गाने एका सुरात जाहीर केलं.

शुक्र मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. 'शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा' असं तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. शुक्राची गिरकी २४३ दिवसांची आणि फेरी २२५ दिवसांची, म्हणजे वाक्य खरं आहे. पण आता तुम्ही विचारणार, कुठला दिवस? शुक्र उलटा फिरतो. सूर्याभोवती ज्या दिशेने जातो, त्याच्या उलट दिशेने गिरकी घेतो, त्यामुळे तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. आणि गिरकी उलटी असल्यामुळे वजाबाकीच्या जागी बेरीज येते. करून पाहा. लिंबू पेल्याभोवती न्या आणि तेवढ्यात त्याला उलट्या दिशेने एका गिरकीला थोडी कमी एवढं फिरवा. लवंगेसमोर पेला कितव्यांदा येतो ते मोजा. एका फेरीत जवळजवळ दोनदा यायला हवा, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत सुमारे ११७ दिवस. तसं आलं नाही तर गिरकीची दिशा तपासा. आणि लवंग जरा घट्ट खोचा, माझी दोनदा पडली.